वजनकाट्यावर नियतकालिकं

"मॅडम, या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर तेवढा बघून सांगता का? फॉर्म आज द्यायचाय."

शारीरिक शिक्षणाच्या एका महाविद्यालयात मी ग्रंथपाल होते. नोकरीच्या शेवटच्या दहा-बारा वर्षांत हा प्रश्न इतक्या वेळा ऐकला, की कोणी हातात कागद घेऊन दारात दिसलं की मी आधीच संगणकाकडे वळायची. त्या दिवशी आलेले सर मैदानावरचे, मल्लखांब शिकवण्यात हयात गेलेली. कोणत्या वयाच्या मुलाला कोणती पकड पेलते, मनगट कधी दुखायला लागतं, खांदा कधी भरतो, याच्या त्यांनी वर्षानुवर्षं वह्या भरल्या होत्या. त्या वह्यांमधून एक निबंध तयार झाला आणि तो एका लहान पण प्रामाणिक भारतीय नियतकालिकात छापून आला. मी शोधलं. त्या नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर कमी होता असं नाही. त्याला तो नव्हताच.

"म्हणजे शून्य लिहू?"

"शून्य नाही सर. रिकामं सोडा."

"रिकाम्याचे गुण किती?"

याचं उत्तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत आहे. तज्ज्ञांनी तपासून छापलेल्या निबंधाला मूळ गुण आहेतच. शिवाय नियतकालिकाला इम्पॅक्ट फॅक्टर नसेल तर वरचे ५ गुण, एकच्या आत असेल तर १०, एक ते दोनमध्ये १५, दोन ते पाचमध्ये २०, पाच ते दहामध्ये २५ आणि दहाच्या वर गेला तर ३०. गंमत अशी, की त्या तक्त्यात शारीरिक शिक्षण हा विषय विज्ञानाच्या रकान्यात नाही. तो भाषा, वाणिज्य आणि आमच्या ग्रंथालयशास्त्राच्या पंगतीला बसवला आहे. पण वरचे गुण ठरतात ते विज्ञानाच्या मापानं. सर पाच गुण घेऊन गेले. पुढच्या वर्षी ते ट्रेडमिलवरच्या एका विषयाची विचारणा करायला आले. मल्लखांबाच्या वह्यांचं काय झालं, हे मी विचारलं नाही.

निवृत्तीनंतर हाताशी वेळ होता. ज्या आकड्यासाठी मी इतक्यांदा संगणक उघडला, तो आला कुठून आणि व्यायामविज्ञानासारख्या विषयात तो नेमकं काय मोजतो, याचा माग काढायचं ठरवलं. हा लेख त्यातूनच आला आहे.

आधी हिशेब समजून घेऊ. इम्पॅक्ट फॅक्टरला आपण प्रभावांक म्हणू. समजा, एका नियतकालिकानं २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत मिळून २०० निबंध छापले. २०२२ सालात जगभरच्या, म्हणजे मोजणाऱ्या कंपनीच्या यादीतल्या, नियतकालिकांनी या दोन वर्षांतल्या मजकुराचे संदर्भ ६०० वेळा दिले. सहाशेला दोनशेनं भागलं की आले तीन. तो त्या नियतकालिकाचा २०२२चा प्रभावांक. चौथीतल्या मुलाला जमेल असा भागाकार आहे. अडचण भागाकारात नाही. काय मोजायचं, किती वर्षांचं मोजायचं आणि उत्तराचा उपयोग कशासाठी करायचा, इथे सगळी अडचण आहे.

या आकड्याचा पूर्वज आमच्याच व्यवसायातला आहे, हे वाचून मला बरं वाटलं. १९२७ साली कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजमधल्या ग्रॉस आणि ग्रॉस या दोघांनी 'सायन्स'मध्ये एक छोटा लेख लिहिला. प्रश्न साधा होता: लहान कॉलेजच्या ग्रंथालयाकडे पैसे थोडे, तेव्हा रसायनशास्त्राची कोणती नियतकालिकं घ्यावीत? त्यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकाचा १९२६चा खंड घेतला आणि त्यातले ३,६३३ संदर्भ हातानं मोजून कोणत्या नियतकालिकाचं नाव किती वेळा येतं याचा तक्ता केला. म्हणजे ही किराणा आणायला जाण्याआधी केलेली यादी होती. वाणसामान भरताना घरात काय जास्त लागतं ते बघतोच ना आपण. त्या यादीवरून घरातल्या माणसांची लायकी ठरवावी, असं त्यांच्या मनातही नसणार.

यूजीन गार्फील्ड आले ते पुढे. मूळ रसायनशास्त्राचे, नंतर कोलंबिया विद्यापीठात ग्रंथालयशास्त्र शिकलेले. अमेरिकेतल्या वकिलांकडे शेपर्ड्स सायटेशन्स नावाची एक सूची १८७३पासून होती; एखाद्या जुन्या निकालाचा हवाला पुढच्या कोणत्या खटल्यांत दिला गेला ते तीत सापडे. विज्ञानासाठी असंच काही का करू नये, असं गार्फील्ड यांनी १९५५ साली 'सायन्स'मध्येच मांडलं. फिलाडेल्फियात त्यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायंटिफिक इन्फर्मेशन उभी केली आणि १९६४मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स बाजारात आला. सूचीत कोणती नियतकालिकं घ्यायची? मोठी नियतकालिकं जास्त निबंध छापतात, म्हणून त्यांचे संदर्भही जास्त येतात. मग लहान पण कसदार नियतकालिकं मागे पडतात. ती मागे पडू नयेत म्हणून एकूण संदर्भांना निबंधांच्या संख्येनं भागायचं ठरलं. प्रभावांकाचा जन्म असा लहानांना न्याय देण्यासाठी झाला, हे आज कोणाला सांगून पटत नाही. १९७५पासून हे आकडे दरवर्षी छापून येऊ लागले. पुढे गार्फील्ड यांनीच या शोधाची तुलना अणुऊर्जेशी केली होती. ते २०१७ साली गेले.

आता आपल्या विषयाकडे येते. व्यायामविज्ञान हे एकसंध शास्त्र नाही. त्यात हृदय-फुप्फुसाचं शरीरक्रियाशास्त्र येतं, हाडं-सांध्यांवर पडणाऱ्या जोराचा हिशेब करणारं यामिकशास्त्र येतं, हालचाल मेंदू कशी शिकतो हे पाहणारं मानसशास्त्र येतं, दुखापतींचं वैद्यक येतं, शाळेत खेळ कसा शिकवावा याचं अध्यापनशास्त्र येतं आणि कुस्तीचा, कवायतीचा इतिहासही येतो. आमच्याकडे ही सगळी नियतकालिकं एकाच कपाटात असत. सूची करणारी कंपनी मात्र त्यातल्या बऱ्याच जणांना 'क्रीडाविज्ञान' या एकाच वर्गात घालते आणि मग पहिला, दुसरा, विसावा, साठावा असे क्रमांक लावते. हृदयविकाराचा अभ्यास करणारे हजारो आहेत, ते भराभर लिहितात आणि एकमेकांचे ताजे निबंध भराभर उद्धृत करतात. खेळाच्या इतिहासाचा अभ्यासक मात्र ऐंशी वर्षांपूर्वीचं पुस्तक उद्धृत करतो, आणि पुस्तकाचा दाखला कोणत्याच नियतकालिकाच्या खात्यात जमा होत नाही. कला आणि मानव्यविद्यांच्या सूचीत असलेल्या नियतकालिकांना तर २०२३पर्यंत प्रभावांक दिलाच जात नसे. मॅरेथॉनपटू आणि गोळाफेक करणारा, दोघांना शंभर मीटर पळवून क्रमांक लावावेत, तसा हा प्रकार.

या वर्गातलं सध्याचं सगळ्यांत चमकतं नाव म्हणजे ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन. १९६४ साली एका संघटनेचं बुलेटिन म्हणून सुरू झालेलं. २०१०च्या आसपास त्याचा प्रभावांक साडेतीन होता. २०२०मध्ये तो १४च्या जवळ गेला. २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षी तो १८च्या थोडा वर होता. आणि २०२३मध्ये तो एकदम साडेअकराच्या घरात आला. बातमी वाचणाऱ्याला वाटावं, संपादक मंडळ झोपलं की काय!

असं काही झालं नव्हतं. डिसेंबर २०२०च्या अंकात जागतिक आरोग्य संघटनेची शारीरिक हालचालीविषयीची नवी मार्गदर्शक तत्त्वं या नियतकालिकात आली होती. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, हे आता डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या भिंतीवरही दिसतं, ते तिथलं. त्यानंतर चालणं, बसणं, पळणं, लठ्ठपणा, मधुमेह, कशावरही निबंध लिहिणाऱ्यानं पहिल्या परिच्छेदात या लेखाचा दाखला द्यायचा, असा रिवाजच पडला. हजारो दाखले जमा झाले. प्रभावांकाची खिडकी दोन वर्षांची. २०२०चा लेख २०२१ आणि २०२२च्या हिशेबात धरला गेला, २०२३च्या हिशेबातून गळाला. आकडा घसरण्याचं हे एकमेव कारण होतं असं मी म्हणत नाही. कोविडच्या काळात सगळीकडेच दाखल्यांना पूर आला होता आणि मग तो ओसरला. पण वेळापत्रक इतकं चपखल जुळतं, की त्याकडे काणाडोळा करता येत नाही. आता २०२१ साली याच नियतकालिकात एखाद्या तरुण संशोधिकेचा घोट्याच्या दुखापतीवरचा निबंध आला असेल, तर तिच्या फॉर्मवर १८ लिहिलं जाईल, आणि २०२३ साली तितकाच चांगला निबंध देणाऱ्या तिच्या मैत्रिणीच्या फॉर्मवर साडेअकरा. दोघींच्या निबंधांचा त्या आकड्याशी संबंध किती?

हे फक्त या नियतकालिकाचं नाही. ओस्लोच्या पेर सेग्लेन यांनी १९९७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दाखवलं होतं, की एखाद्या नियतकालिकाला मिळणाऱ्या एकूण दाखल्यांपैकी निम्मे दाखले वरच्या १५ टक्के निबंधांना मिळतात. उरलेले ८५ टक्के उरलेल्या निम्म्यात भागवतात. ही सरासरी म्हणजे चाळीतल्या एका खोलीत अंबानी राहायला आले तर चाळीचं सरासरी उत्पन्न काढण्यासारखी आहे.

भागाकाराच्या दोन बाजूंचंही एक गौडबंगाल आहे. वरच्या बाजूला नियतकालिकातल्या कशालाही मिळालेला दाखला मोजतात: संपादकीय, वाचकांचं पत्र, टिपण, काहीही. खालच्या बाजूला मात्र फक्त 'निबंध' आणि 'आढावे' मोजतात. म्हणजे संपादकीयं भरपूर छापली आणि त्यांना थोडेफार दाखले मिळाले, तर ते दाखले फुकटात पदरात पडतात. खाली काय मोजायचं यावर प्रकाशक आणि कंपनी यांच्यात बोलणी होतात, हे पीएलओएस मेडिसिन या नियतकालिकाच्या संपादकांनी २००६ साली स्वतःच जाहीरपणे लिहिलं. त्यांच्या अंकांतलं काय निबंध समजायचं यावर त्यांचा प्रभावांक तीनच्या खाली किंवा थेट अकरापर्यंत असा कुठेही बसू शकत होता. नियतकालिक तेच, वर्षही तेच. मी भाजीवाल्याच्या तराजूकडे संशयानं बघणारी बाई. हे वाचून मला त्या भाजीवाल्याची माफी मागावीशी वाटली.

दोन वर्षांच्या खिडकीबद्दल आणखी सांगायला हवं, कारण आपल्या विषयाला ती विशेष नडते. व्यायामाची औषधं करून बघता येत नाहीत तशी झटपट. प्रशिक्षणाचा परिणाम दिसायला महिने जातात, दुखापतीचा मागोवा घ्यायला मोसम जातात, आणि एखादी कल्पना रुजायला दशकं जातात. ए. व्ही. हिल या इंग्रज शास्त्रज्ञाला स्नायूतल्या उष्णतेच्या अभ्यासासाठी १९२२चं नोबेल मिळालं; स्नायूचा जोर आणि आकुंचनाचा वेग यांचं नातं सांगणारा त्यांचा निबंध १९३८चा आहे, आणि धावण्याची संगणकीय प्रारूपं करणारे आजही त्याचा दाखला देतात. त्यातला एकही दाखला कोणाच्या प्रभावांकात जमा होत नाही, कारण निबंध दोन वर्षांहून जुना आहे. दाखला देणाऱ्याला तो ताजा वाटतो, काट्याला वाटत नाही.

माझ्या ग्रंथालयात सर्वांत जास्त झेरॉक्स कशाची निघायची, याची मी एक वर्ष वहीत नोंद ठेवली होती. रंगनाथन यांचा पहिला नियम पुस्तकं वापरासाठी असतात असं सांगतो, आणि ग्रंथालयातल्या वापराचं गणित मांडण्याच्या शास्त्राला 'लायब्रमेट्री' हे नावही त्यांनीच १९४८ साली सुचवलं होतं; तेव्हा माझी वही परंपरेला धरून होती म्हणायची. पहिला नंबर लागला गुन्नर बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाच्या मोजपट्टीच्या पानाचा. व्यायाम करताना किती दमल्यासारखं वाटतं, याला माणसानं स्वतःच ६ ते २० यांपैकी आकडा द्यायचा. आकडा साधारण दहापट केला की निरोगी तरुणाच्या हृदयाच्या ठोक्यांच्या आसपास पोचतो, म्हणून सुरुवात सहापासून. १९८२ साली मेडिसिन अँड सायन्स इन स्पोर्ट्स अँड एक्सरसाइज या अमेरिकी नियतकालिकात बोर्ग यांनी तिच्याबद्दल लिहिलं. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर चालायला शिकणाऱ्या आजोबांपासून जिममधल्या पोरांपर्यंत ती वापरली जाते. दुसरा नंबर त्याच नियतकालिकात आलेल्या त्या मोठ्या तक्त्याचा, ज्यात झाडू मारण्यापासून दोरीवरच्या उड्यांपर्यंत कोणत्या कामाला किती ऊर्जा लागते ते दिलं आहे. बार्बरा एन्सवर्थ आणि सहकाऱ्यांनी तो १९९३ साली केला आणि पुढे २००० आणि २०११ साली वाढवला. हे दोन्ही लेख काही 'सिद्ध' करत नाहीत, ती हत्यारं आहेत. पान्याला बक्षीस द्यायचं नसतं असं नाही, पण गाडी बांधणाऱ्याला आणि पाना करणाऱ्याला एकाच मापानं मोजलं की गाडी बांधणारा नेहमी मागे राहतो, हे कळत असावं लागतं.

याच्या उलट टोकाला एक उदाहरण आहे, आणि या सबंध शोधात मला सर्वांत विचार करायला लावलं ते त्यानंच. व्यायाम आणि हृदयविकार यांचा संबंध पहिल्यांदा भरभक्कम आकड्यांनी दाखवला तो जेरी मॉरिस यांनी, १९५३ साली. लंडनच्या दुमजली बसगाड्यांचे ड्रायव्हर दिवसभर बसून असत. कंडक्टर मात्र दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढत. वय ३५ ते ६४ मधल्या सुमारे ३१ हजार कामगारांच्या नोंदी तपासल्यावर दिसलं, की कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो आणि झाला तरी उशिरा व सौम्य होतो. टीका झाली, की मुळातच आडव्या बांध्याची माणसं ड्रायव्हर होत असतील. मग मॉरिस यांनी गणवेशाच्या विजारींची मापं काढली आणि १९५६ साली त्यावर निबंध लिहिला. ड्रायव्हरांचा कमरेचा घेर जास्त निघालाच. त्यांनी टीका अशी अंगावर घेतली, लपवली नाही. आजच्या व्यायामविज्ञानाचा अर्धा डोलारा या कामावर उभा आहे. पण ते छापलं गेलं 'लॅन्सेट'मध्ये, म्हणजे सर्वसाधारण वैद्यकाच्या नियतकालिकात. 'क्रीडाविज्ञान' वर्गातल्या एकाही नियतकालिकाच्या नावावर त्याचं श्रेय नाही. त्या काळी तसं छापायला या विषयाचं आपलं घरच फारसं नव्हतं.

घर बांधायची घाई झाली ती दहा वर्षांनी, आणि तीही अपमानातून. १९६३ साली हार्वर्डचे माजी अध्यक्ष जेम्स कॉनंट यांनी शिक्षकांच्या शिक्षणावर पुस्तक लिहिलं आणि त्यात शारीरिक शिक्षणातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांची अशी खिल्ली उडवली, की अमेरिकेतले विभाग हादरले. पुढच्याच वर्षी बर्कलीच्या फ्रँकलिन हेन्री यांनी शारीरिक शिक्षण ही स्वतंत्र ज्ञानशाखा आहे, असं मांडणारा निबंध लिहिला. मग एकामागून एक विशेष नियतकालिकं निघाली: १९६८मध्ये जर्नल ऑफ बायोमेकॅनिक्स, १९६९मध्ये जर्नल ऑफ मोटर बिहेव्हियर, त्याच वर्षी मेडिसिन अँड सायन्स इन स्पोर्ट्स. १९३०पासून चालत आलेल्या जुन्या रिसर्च क्वार्टर्लीनं १९८० साली नावात 'एक्सरसाइज' घातलं. त्याच वर्षी मेडिसिन अँड सायन्सनंही घातलं. नावं बदलतात तेव्हा कपाटाच्या फळीवर वर्गांक बदलायला लागतो. तेव्हा कळतं की विषयाची दिशा बदलली आहे. एका खोलीत राहणारी भावंडं वेगवेगळ्या घरांत गेली, आणि ज्याचं घर वैद्यकाच्या शेजारी होतं त्याच्याकडे पाहुणे जास्त यायला लागले.

कारण दाखल्यांनाही वजन असतं. अलीकडे काही मापनपद्धती प्रत्येक दाखला सारखा धरत नाहीत. वजनदार नियतकालिकानं दिलेला दाखला जास्त मोलाचा मानतात. तत्त्व पटण्यासारखं आहे, कारण सरपंचाच्या शिफारशीला व्यवहारातही जास्त किंमत असते. पण परिणाम असा, की वैद्यकातली मोठी नियतकालिकं ज्यांना विचारतात ती क्रीडा-नियतकालिकं आणखी वर जातात, आणि शाळेतल्या मुलांना खेळ कसा शिकवावा यावर लिहिणारी आणखी खाली. मग विभागप्रमुख नेमणूक करताना वरच्या नियतकालिकांत लिहिणाऱ्याला घेतात, तो शरीरक्रियाशास्त्राचाच असतो, आणि अध्यापनशास्त्राची जागा निवृत्तीनंतर रिकामी राहते. हेन्री यांच्या बर्कलीतल्या विभागाचं नाव पुढे 'ह्यूमन बायोडायनॅमिक्स' झालं आणि १९९७ साली तो विभाग बंदच झाला. त्याला प्रभावांक जबाबदार होता असं मुळीच नाही. पण स्वतःला इतरांच्या मापानं शास्त्र म्हणवून घेण्याची धडपड कुठवर नेऊ शकते, याची ती खूण मला वाटते.

आणि आता आपल्या उंबरठ्यावर. ऑक्टोबर १९२४मध्ये लोणावळ्याहून 'योगमीमांसा' नावाचं त्रैमासिक सुरू झालं. स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी कैवल्यधाम स्थापन केलं ते त्याच वर्षी. आसनं, प्राणायाम, उड्डियान, नौली यांच्या वेळी शरीरात काय घडतं हे क्ष-किरण, रक्तदाबमापक आणि दाबमापक नळ्या लावून पाहायचं आणि त्याचे निष्कर्ष या त्रैमासिकात छापायचे, असा त्यांचा परिपाठ. ज्या रिसर्च क्वार्टर्लीचा मघाशी उल्लेख केला, ती निघायला अजून सहा वर्षं होती. हार्वर्डची प्रसिद्ध 'फटीग लॅबोरेटरी' १९२७ची. म्हणजे व्यायामावर प्रयोग करून ते नियमित छापणाऱ्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या नियतकालिकांत एक नाव लोणावळ्याचं आहे. पुढे मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षण समितीचं अध्यक्षपद कुवलयानंदांकडे आलं. शाळेच्या पटांगणात रांगेनं उभं राहून जी आसनं आपल्यापैकी कित्येकांनी केली, त्यांच्या मागे ही वाट आहे. हा प्रभाव नाही, तर मग प्रभाव म्हणायचं कशाला? पण हा दाखला पटांगणात दिला गेला, तळटीपेत नाही. गार्फील्ड यांच्या सूचीला तो दिसणं शक्य नव्हतं, आणि त्यात गार्फील्ड यांचा दोष नाही.

दोष आपला आहे, आपण आकडा परीक्षेला बसवला. ज्याला गुण आहेत त्याचा बाजार होतो, हे आपल्याला क्लासवाल्यांनी शिकवलंच आहे. २०१०पासून प्राध्यापकांच्या बढतीत निबंधांचे गुण धरायला लागले आणि माझ्या टेबलावर चकचकीत जाहिराती यायला लागल्या: पंधरा दिवसांत निबंध छापून मिळेल, प्रभावांक ५.७. तो आकडा देणाऱ्या संस्था वेगळ्याच असत; पैसे भरले की पुढच्या वर्षी आकडा वाढवून मिळे. अमेरिकेतल्या कोलोरॅडोचे जेफ्री बील, हेही ग्रंथपालच, अशा लबाड नियतकालिकांची आणि खोट्या मापांची यादी ठेवत; २०१७च्या जानेवारीत ती त्यांनी बंद केली. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१८ साली आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीची छाननी केली. विद्यापीठांनी शिफारस केलेली, पण कोणत्याही मोठ्या सूचीत नसलेली जी नियतकालिकं त्यांनी तपासली, त्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक कमअस्सल असू शकतात, असं त्यांना आढळलं. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगानं ४,३०५ नावं यादीतून काढली. पुढे पुण्यातूनच 'केअर' नावाची नवी यादी चालवली गेली, आणि २०२५च्या फेब्रुवारीत आयोगानं तीही थांबवत असल्याचं जाहीर केलं. आता संस्थांनी आपापले निकष ठरवायचे आहेत.

त्यामुळे यंदा जुन्या महाविद्यालयातून फोन आला. "मॅडम, समितीवर या. निकष करून द्या." गेले. समितीत मी, दोन प्राध्यापक आणि कार्यालयातले एक तरुण गृहस्थ होतो. २०१२च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोत ठरलेल्या जाहीरनाम्याची प्रत मी नेली होती. माणसाचं काम जोखताना नियतकालिकाचा प्रभावांक वापरू नका, असं त्यात स्पष्ट म्हटलेलं आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मी माझा कच्चा मसुदा वाचला. निबंध समितीतल्या दोघांनी खरोखर वाचावा. निबंधातली आकडेमोड दुसऱ्याला पुन्हा करता येईल इतकी माहिती त्यात आहे का ते पाहावं. नियतकालिकाचे संपादक कोण, तपासणी कशी होते, हे शोधून लिहावं. आणि मैदानावर, दवाखान्यात किंवा शाळेत त्या निबंधाचा कोणी वापर केला असेल तर त्याचा पुरावा जोडावा, मग तो मराठीतला असला तरी चालेल. शेवटचा मुद्दा वाचताना मला मल्लखांबाच्या वह्या आठवत होत्या, हे मी बोलले नाही. ते सर आता निवृत्त झालेत.

प्राध्यापकांनी शंका काढल्या, त्या रास्त होत्या. वाचणारे दोघे एकमेकांचे मित्र असले तर? पुरावा म्हणून तालमीच्या वस्तादाचं पत्र चालेल का? वर्षाला चाळीस निबंध आले तर वाचायचे कोणी आणि कधी? प्रभावांक निदान ओळखीपाळखीला बधत नाही, असं एक जण म्हणाले, आणि त्यात तथ्य आहे हे मला कबूल करावं लागलं.

कार्यालयातले गृहस्थ इतका वेळ गप्प बसून संगणकावर तक्ता करत होते. त्यांनी चष्मा वर केला. "मॅडम, सगळं ठीक आहे, पण शेवटच्या रकान्यात बेरीज काय टाकू?"

दुसरी बैठक दिवाळीनंतर आहे.